बहिष्कार कोणाच्या खर्चाने?



या व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय छापून आला तेव्हा काहींनी संयोजकांना विचारलं, की इस्रायल-पॅलेस्टाईनच्या भांडणाचं रावेरला काय? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मी तुम्हाला फार लांब नेणार नाही, सावद्याच्या पुढे फैजपूरपर्यंत नेतो.

२७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी राबले, साने गुरुजींनी खानदेश पिंजून काढला, नंदलाल बोसांनी बांबू आणि गावठी साहित्यातून मंडप सजवला. हे सगळं इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. आपल्याकडे कमी सांगितलं जातं ते असं, की फैजपूरला बांबू रोवले जात होते त्याच सुमाराला तिकडे पॅलेस्टाईनमध्ये सहा महिन्यांचा एक प्रचंड संप नुकताच मिटला होता. पुढे दहा महिन्यांनी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, कलकत्त्याला अखिल भारतीय काँग्रेस समितीने पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध ठराव केला. फैजपूरच्या मांडवात बसलेल्या माणसांना हा विषय परका नव्हता. तेव्हा तो आपल्यालाही परका मानायचं कारण नाही.

तो संप नीट समजून घेऊ, कारण आजच्या वादातले बहुतेक मुद्दे त्यात आधीच येऊन गेलेत.

पॅलेस्टाईनवर तेव्हा ब्रिटिशांचा अंमल होता. एप्रिल १९३६ मध्ये अरबांनी सार्वत्रिक संप पुकारला. ज्यूंचं येणं थांबवा, त्यांना जमिनी विकणं बंद करा, लोकांनी निवडलेलं सरकार द्या, या मागण्या. दुकानं बंद, मोटारी बंद, ज्यूंशी देवघेव बंद, सरकारला कर बंद. आणि याफाचं बंदर बंद. दुसऱ्या बाजूनेही एक बहिष्कार आधीपासून चालू होता, हेही सांगायला हवं: हिस्ताद्रुत ही ज्यूंची कामगार संघटना ज्यूंच्या मळ्यांत ज्यू मजूरच हवा असा आग्रह धरून अरब मजुराला कामावरून दूर ठेवत होती. म्हणजे एकमेकांना नाकारायची सवय दोघांनाही होती.

याफा हे संत्र्यांचं बंदर. तिथली जाड सालीची, लांबट शामुती संत्री जहाजं भरभरून युरोपात जायची. रावेरला जे केळीचं, ते याफाला संत्र्याचं. हे बंदर बंद पाडलं म्हणजे ज्यूंच्या वसाहतींची नाडी आवळली, असा संपवाल्यांचा हिशोब होता. झालं उलटंच. याफाला लागूनच तेल अवीव. तिथल्या ज्यूंनी ब्रिटिशांकडून परवानगी मिळवली आणि मे महिन्यातच स्वतःच्या किनाऱ्यावर लाकडी धक्का उभारला. पहिल्या बोटीतून सिमेंटची पोती उतरली. संप पुढे मिटला, धक्का मात्र राहिला. अरबांनी आपल्याच हाताने प्रतिपक्षाला बंदर मिळवून दिलं.

मग ऑक्टोबर आला. संत्री झाडावर तयार व्हायला लागली. आता बागायतदार किती दिवस धीर धरणार, हे मी तुम्हाला सांगायला नको. माल तयार झाला आणि गाडी लागली नाही तर काय होतं हे या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शेजारच्या अरब राजांनी आवाहन केलं, त्याचं निमित्त झालं, संप मागे घेतला गेला. जुलै १९३७ मध्ये ब्रिटिशांच्या पील आयोगाने देशाची फाळणी सुचवली. त्यानंतर हत्यारबंद उठाव पेटला, ब्रिटिशांनी तो चिरडला, नेते हद्दपार झाले, हजारो अरब मेले. १९३९ च्या श्वेतपत्रिकेने ज्यूंच्या येण्यावर पाच वर्षांत ७५ हजारांची मर्यादा घातली. म्हणजे पदरात काहीच पडलं नाही असं नाही. पण जो समाज १९४८ मध्ये इस्रायलच्या स्थापनेच्या वादळाला सामोरा गेला तो आधीच मोडलेला, नेतृत्वहीन होता. त्या संपाने दिलं काय आणि नेलं काय, याचा ताळा आजही पॅलेस्टिनी इतिहासकार मांडतात.

आता आपल्या बहिष्काराकडे या. ७ ऑक्टोबर १९०५ ला पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. सावरकर पुढे होते, टिळकांचा पाठिंबा होता. त्याच सुमाराला आपल्या अमळनेरला प्रताप शेठजींची कापड गिरणी उभी राहिली. तेल अवीवच्या धक्क्याशी हे ताडून पाहा. बहिष्काराने कोणाचं तरी काहीतरी उभं राहतं, एवढं नक्की. आपल्याकडे बहिष्कार घालणाऱ्याचं उभं राहिलं, तिकडे ज्याच्यावर घातला त्याचं.

पुढे १२ डिसेंबर १९३०. आंबेगाव तालुक्यातला गिरणी कामगार बाबू गेनू मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडून मेला. या बहिष्काराचा खर्च कोणी सोसला, हे विचारायची गरजच पडत नाही. माझा आजचा मुद्दा या एका प्रश्नाभोवती फिरतो. बहिष्कार चांगला का वाईट यावर वर्षभर वाद घालता येईल. कोण कोणावर घालतंय आणि त्याची झळ कोण सोसतंय, हे विचारलं की वाद पुष्कळसा मिटतो.

गांधींच्या बहिष्कारातल्या दोन गोष्टी मला इथे महत्त्वाच्या वाटतात, आणि त्या चरख्याच्या गजरात हरवून जातात. पहिली: ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात ब्रिटिश मालावरचा राजकीय हत्यार म्हणून चालवलेला बहिष्कार मागे घ्यायचं ठरलं. स्वदेशीचा प्रचार चालू राहणार, शांततेने निदर्शनं करता येणार, पण ब्रिटिश म्हणून नाकारायचं नाही. चालू असलेला बहिष्कार बोलणी करून उचलता येतो, आणि तो उचलण्याचा अधिकार कोणाकडे तरी असतो, हे त्यातून दिसतं.

दुसरी गोष्ट त्याच वर्षी सप्टेंबरातली. गोलमेज परिषदेला गेलेले गांधी वेळ काढून लँकेशायरला, डार्वेनला गेले. तिथल्या गिरण्या आपल्या बहिष्कारामुळे बंद पडत होत्या. निदान तिथले कामगार तरी तसंच समजत होते. ज्यांच्या चुली आपण विझवल्या त्यांच्याच गावात हा माणूस मुक्कामाला गेला, त्यांना भेटला. तुमचं दुःख मला दिसतं, पण हिंदुस्थानातल्या खेड्यातली भूकही बघा, असं त्यांना समजावून आला. गिरणीतल्या बायका त्याच्याभोवती हसत उभ्या आहेत, असं एक छायाचित्र आहे. बहिष्कार त्याने मागे घेतला नाही. त्याची झळ बसलेल्यांना तोंड दाखवायचंही टाळलं नाही.

पण बहिष्काराचा एवढा एकच वारसा महाराष्ट्राला नाही. दुसरा बाबासाहेबांनी जगापुढे मांडला. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर गावोगाव अस्पृश्यांची कोंडी झाली: शेतावर काम नाही, किराणा नाही, रस्त्याने जायची मुभा नाही. ३ एप्रिल १९२७ ला त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केलं. गोलमेज परिषदेच्या वेळी त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. ती मागणी कायद्यात उतरायला महाराष्ट्राला २०१६ साल उजाडावं लागलं; सामाजिक बहिष्कारबंदीचा आपला कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. जातपंचायतींची उदाहरणं तुम्ही वर्तमानपत्रात वाचताच.

बाबू गेनू आणि महाडची कोंडी या दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या की घोळ होतो. पहिलीत दुबळा बलवानाचा माल नाकारतो आणि स्वतः झळ सोसतो. दुसरीत बलवान दुबळ्याचं जगणं नाकारतो आणि स्वतःचा एक पैसा खर्च करत नाही. आता एक गोष्ट बोलून टाकतो, रुचो न रुचो: गेल्या काही वर्षांत अमुक समाजाच्या दुकानातून घेऊ नका, तमुकांना कामावर ठेवू नका, असे संदेश आपल्याही मोबाइलवर फिरतात. ते पाठवणाऱ्यांनी टिळकांचं नाव घेऊ नये. ते महाडच्या बाजूचे आहेत.

ही दोन मापं घेऊन पुन्हा तिकडे जाऊ.

ज्यू माणसाला बहिष्कार म्हटलं की १ एप्रिल १९३३ आठवतो. त्या दिवशी नाझींनी जर्मनीभर ज्यूंच्या दुकानांपुढे पहारे बसवून गिऱ्हाइकांना अडवलं. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. त्यामुळे इस्रायली मालावर बहिष्कार म्हटलं की त्यांच्या घराघरात जुनी भीती जागी होते. ही भीती खरी आहे, तिचा राजकीय वापरही होतो, आणि यातल्या कोणत्याही एका गोष्टीने दुसरी खोटी ठरत नाही. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या ज्यूंनीही तेव्हा जर्मन मालावर उलट बहिष्कार घातला होता, हे मात्र आज क्वचित सांगितलं जातं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ज्यू राष्ट्र मागणाऱ्या झायोनिस्ट नेत्यांनी जर्मनीशी करार करून, जर्मन मालाच्या बदल्यात ज्यूंना आणि त्यांच्या पैशाला पॅलेस्टाईनला आणण्याची वाट काढली. बहिष्कार मोडल्याबद्दल त्यांना आपल्याच लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या. आणि त्या कराराने हजारो जीव वाचले. दोन्ही खरं आहे.

गाझाची २००७ पासूनची नाकेबंदी, पॅलेस्टिनींच्या नावाने इस्रायलने गोळा केलेला कर अडवून ठेवणं, हे मी दुसऱ्या मापाने मोजतो. तिथे बलवान कोंडतो आहे. हमासने ७ ऑक्टोबर २०२३ ला सुमारे बाराशे माणसं मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, तो गुन्हा होता. त्यानंतर गाझात साठ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात बायकापोरं किती, याने तो गुन्हा धुतला गेला नाही. दुसरा, कितीतरी मोठा गुन्हा घडला.

अरब लीगच्या बहिष्काराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यातून शिकण्यासारखं फार नाही. तो १९४५ च्या डिसेंबरात जाहीर झाला, दमास्कसला त्याचं कार्यालय होतं, याद्या निघायच्या. कोका-कोला १९६८ पासून १९९१ पर्यंत अरब बाजाराबाहेर राहिलं आणि तिथे पेप्सीने हात धुऊन घेतले. इस्रायल वाकलं नाही, उलट स्वतःचे कारखाने, स्वतःची हत्यारं बनवत गेलं. पुन्हा तेल अवीवचा धक्का.

आपल्या देशाचंही काहीसं असंच. १९४७ मध्ये फाळणीविरुद्ध मत, १९५० मध्ये इस्रायलला मान्यता, पण पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ ला. मधल्या काळात मुंबईत तेवढी इस्रायलची वाणिज्य वकिलात होती आणि तिचं कार्यक्षेत्र बराच काळ आपल्या महाराष्ट्रापुरतं होतं. म्हणजे इस्रायलला त्या दिवसांत भारत म्हणून दिसत होता तो महाराष्ट्र! पंचेचाळीस वर्षं अंतर ठेवून आपण तिथे शांतता आणली नाही. १९९२ नंतर गळ्यात गळे घालूनही आणली नाही. आमची मैत्री आहे म्हणून आमचं ऐकतील, असं सांगणाऱ्यांनी ऐकल्याचा एखादा दाखला द्यावा.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण हमखास दिलं जातं, आणि तिथे आपला वाटा अभिमानाचा आहे. १९४६ मध्ये त्या देशाशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाची अंतिम लढत आपण दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळलोच नाही. अमृतराज बंधूंच्या हातातला चषक सोडून दिला. झळ आपण सोसली. पण तो बहिष्कार कामी आला त्याचं आणखी एक कारण आहे. तो घाला म्हणून सांगणारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेस होती, आणि सप्टेंबर १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत उभं राहून आता निर्बंध उठवा असं सांगणारे मंडेलाही तिचेच. पुरे म्हणायला कोणीतरी होतं. पॅलेस्टाईनमध्ये पुरे कोण म्हणणार? रामल्लामधल्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाला कब्जातल्या भागातल्या इस्रायली वसाहतींच्या मालापुरता बहिष्कार हवा. त्याचे अध्यक्ष महमूद अब्बास यांनी २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतच तसं सांगितलं. ९ जुलै २००५ ला १७० हून जास्त पॅलेस्टिनी संघटनांनी हाक दिली ती इस्रायलवरच्या सर्वंकष बहिष्काराची. हमासचं तिसरंच. ज्याचा शेवट कोण करणार हे ठरलेलं नाही अशा बहिष्काराला समोरचा सौदा म्हणून बघत नाही, शिक्षा म्हणून बघतो.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला त्या गावाकडे येतो. बेथलेहेमच्या शेजारी बेत साहूर नावाचं गाव आहे, बहुतेक वस्ती ख्रिस्ती अरबांची. पहिल्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनींच्या उठावात, १९८८ मध्ये या गावाने इस्रायलच्या लष्करी प्रशासनाला कर देणं थांबवलं. ओळखपत्रं परत केली. परसात भाजीपाला लावला. आणि इस्रायली कंपन्यांचं दूध घ्यायला लागू नये म्हणून अठरा गायी आणल्या. त्याही एका किबुत्झमधून, म्हणजे इस्रायली सामुदायिक शेतीच्या वस्तीतून, रीतसर विकत. ज्यांच्या मालावर बहिष्कार त्यांच्याकडूनच गायी घेतल्या, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही! लष्कराने या गायींना देशाच्या सुरक्षेला धोका ठरवलं. गावाने त्या लपवल्या; सैनिक गोठे धुंडाळत फिरले. हसू नका, अगदी खरं आहे, त्यावर चित्रपटही निघालाय. १९८९ च्या शरदात लष्कराने महिना-दीड महिना गावाला वेढा दिला आणि कराच्या वसुलीपोटी घरातलं सामान, कारखान्यातली यंत्रं उचलून नेली. बारडोलीत १९२८ मध्ये जप्तीवाल्यांनी म्हशी हाकून नेल्या त्याची आठवण यावी असंच सगळं. गाव नमलं नाही.

पण माझ्या दृष्टीने या गावाची खरी थोरवी वेगळीच. कर बंद असतानाच बेत साहूरच्या लोकांनी इस्रायली नागरिकांशी बोलण्यासाठी केंद्र सुरू केलं. शांततावादी इस्रायली कुटुंबांना घरी मुक्कामाला बोलावलं, त्यांच्याबरोबर जेवण केलं. कर मागायला आलेल्याला दार बंद, माणूस म्हणून आलेल्याला उघडं. डार्वेनला गांधींनी केलं ते या गावाने आपल्या अंगणात केलं. याच इंतिफादाने इस्रायलच्या लोकांना पॅलेस्टिनी भूमीवरचा कब्जा फुकट नसतो हे दाखवलं, आणि १९९१ ची माद्रिदची शांतता परिषद, १९९३ चा ऑस्लो करार त्यातून आला. सगळं श्रेय बहिष्काराला देता येणार नाही. पण दगड आणि गोळ्यांइतकंच बेत साहूरलाही ते द्यावं लागेल.

ऑस्लोनंतर काय झालं याचा विचार केल्याशिवाय मात्र पॅलेस्टिनी माणसाचा संताप कळणार नाही. चर्चा चालू, हस्तांदोलनं चालू, आणि पश्चिम किनाऱ्यावर वसाहतीही चालू. पूर्व जेरुसलेम सोडून १९९३ मध्ये तिथे सव्वा लाखाच्या आत वसाहतवाले होते; आता पाच लाखांच्या आसपास आहेत. बोलणी म्हणजे जमीन जाईपर्यंत आपल्याला गप्प बसवण्याची युक्ती, असं त्यांना वाटू लागलं यात नवल नाही. त्यामुळे इस्रायलींबरोबरचा कोणताही मिळून केलेला कार्यक्रम, नाटक असो की फुटबॉल, हा कब्जा नेहमीचा असल्याचं सोंग आहे, असं २००५ च्या हाकेतले बरेच जण म्हणतात. त्यांचं दुखणं मला कळतं. निष्कर्ष पटत नाही.

पटत नाही, कारण माणसं नाकारण्याने बसते ती झळ कोणाला बसते हे मी बघतो. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता इस्रायल फिलहार्मोनिकचे अनेक दशकं संगीत दिग्दर्शक होते. सप्टेंबर २०११ मध्ये लंडनला त्यांच्या कार्यक्रमात निदर्शकांनी व्यत्यय आणला, रेडिओवरचं प्रक्षेपण मध्येच थांबवावं लागलं. कब्जा एका इंचाने हलला नाही. त्याच मेहतांनी इस्रायलमधल्या अरब मुलांना संगीत शिकवण्याचे उपक्रम चालवले आहेत. इस्रायलमध्ये कब्जाला विरोध करणारे जे थोडे आहेत ते विद्यापीठांत, रंगभूमीवर, वर्तमानपत्रांत आहेत. परदेशी लोक पहिल्यांदा त्यांनाच तोडतात, कारण तेच हाताशी असतात. बंदुका विकणारा कुठल्या चर्चासत्राला येत नाही.

मालाच्या बहिष्काराचाही हिशोब तपासावा लागतो. सोडा मशीन बनवणाऱ्या सोडास्ट्रीमचा एक कारखाना कब्जातल्या मिशोर अदुमीमला होता. जगभर निदर्शनं झाली. २०१५ मध्ये तो बंद होऊन इस्रायलच्या हद्दीत, नेगेवमध्ये गेला. बहिष्कारवाल्यांनी विजय म्हटलं, कंपनीने बहिष्काराचा संबंध नाही म्हटलं. सुमारे पाचशे पॅलेस्टिनी कामगारांची कामं गेली. वसाहतीतला कारखाना उठला हे मला योग्य वाटतं. पण ज्यांनी तो उठवला त्यांनी त्या पाचशे घरांचं काय केलं? डार्वेनला गेले का ते? मॅकडॉनल्ड्सच्या इस्रायलमधल्या चालकाने सैनिकांना फुकट जेवण दिलं म्हणून मुस्लिम देशांत बहिष्कार पेटला. कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये तिथली २२५ दुकानं त्या चालकाकडून स्वतःकडे घेतली. याच लाटेत स्टारबक्स चालवणाऱ्या आखाती कंपनीने दोनेक हजार नोकऱ्या कमी केल्या. त्या नोकऱ्या कैरो-कुवेतच्या पोरांच्या होत्या, तेल अवीवच्या नव्हे.

माणसांवरच्या बहिष्काराबद्दल बोलताना आपल्या घरची एक गोष्ट विसरून चालणार नाही. कोकणातून इस्रायलला गेलेले बेने इस्रायल. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी काम न करणारे म्हणून शनवार तेली. ते घरात मराठी बोलत. तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं. नव्या देशात त्यांच्या कातडीच्या रंगावरून भेदभाव झाला. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला काहींनी तेल अवीवला धरणं धरून आम्हाला परत भारतात पाठवा म्हटलं, आणि काही जण खरंच परतले. साठच्या दशकात मुख्य धर्मगुरूंनी यांच्याशी सोयरीक करण्यापूर्वी वंशावळ तपासा असा फतवा काढला. म्हणजे वाळीतच की. मराठी ज्यूंनी जेरुसलेमला मोर्चे नेले, धरणं धरली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते इतर ज्यूंच्या बरोबरीचे असल्याचा ठराव केला. दुबळ्यांच्या शांत आग्रहापुढे इस्रायल वाकू शकतं, याचा हा मराठी पुरावा. लोद, दिमोना, अश्दोद इथे राहणाऱ्या या लोकांना आपण इस्रायली म्हणून तोडणार का?

शेवटी आपल्या शेतात येऊ. मी सांगितलेल्या विषयाचे धागे तुमच्या केळीच्या बुंध्यापर्यंत आलेले आहेत. ठिबक सिंचन रूढ झालं ते इस्रायलमधल्या हत्झेरिम किबुत्झमधून, १९६५ च्या सुमारास. तुम्ही लावता ते जी-नाइन म्हणजे ग्रँड नैन वाणही आपल्याकडे इस्रायलमधून आणलं गेलं. जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये नानदान या इस्रायली ठिबक कंपनीत निम्मा हिस्सा घेतला आणि पुढे ती पूर्ण ताब्यात घेतली. आणि त्याच कंपनीच्या जैन हिल्सवर २०१२ पासून गांधीतीर्थ उभं आहे. याची थट्टा करायची तर सोपं आहे. मला त्यात विसंगती वाटत नाही. नळ्या उपटून बांधावर टाकल्याने गाझातल्या एकाही पोराच्या ताटात भाकरी येणार नाही. पाणी वाचवायची विद्या नाकारायची नसते.

नाकारायचं असेल तर काय नाकारायचं, हे मात्र स्पष्ट सांगतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला आपल्या सल्ला-मतात हा कब्जा बेकायदा ठरवला आणि तो टिकवायला हातभार लागेल असा व्यवहार देशांनी करू नये असं म्हटलं. म्हणून वसाहतींतला माल आणि हत्यारांची देवघेव, एवढ्यावर बहिष्कार असावा, कब्जा उठला की तो उठेल असं आधी सांगून असावा, आणि तो चालू असताना तिकडच्या प्राध्यापकाला, गवयाला, शेतकऱ्याला दार उघडं असावं. असा बहिष्कार शांततेच्या आड येत नाही. नुसता तेवढाच शांतता आणेल असंही मी म्हणत नाही.

आणि एक गोष्ट खास आपल्या दाराशी आलेली. ऑक्टोबर २०२३ पर्यंत दीड लाखाच्या आसपास पॅलेस्टिनी इस्रायलमध्ये आणि वसाहतींत मजुरीला जात. युद्धानंतर त्यांची परवानगी बंद झाली. गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले घरी बसले. त्यांच्या जागी जाण्यासाठी भारतात भरती निघाली, आधी हरियाणा आणि उत्तर प्रदेशात, मग महाराष्ट्रातही. जाणाऱ्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या घरचं कर्ज मला माहीत नाही का? पण एका अख्ख्या समाजाला मजुरीवरून हटवायचं आणि ती जागा आपण भरून द्यायची, यावर आपल्या संसदेत किती चर्चा झाली? हैदराबादला इस्रायली कंपनीच्या भागीदारीत ड्रोन तयार होतात. ते कुठे जातात याचं उत्तर कोणी मागितलं? देशातल्या मोठ्या कामगार संघटनांनी मजूर पाठवायला विरोध केला, बंदर कामगारांच्या एका महासंघाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हत्यारांचा माल हाताळणार नाही असं जाहीर केलं. त्यांचं बोलणं इथवर पोचलं नाही.

रावेर हा लोकसभेचा मतदारसंघ आहे. पुढच्या वेळी उमेदवार केळीच्या विम्याबद्दल बोलायला आले की हे दोन प्रश्नही त्यांच्यापुढे ठेवा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांचा चहा थंड होऊ द्या.